गुलाब-मोगऱ्याच्या ट्रफल्सचं गनाश दर खेपेला का फाटतं, आणि वास जातो कुठे?

तक्रार ठरलेली असते. "ताई, मागच्या खेपेला झकास झाले होते हो. आता तीच रेसिपी, तेच चॉकलेट, मग तेल काहून सुटायलंय?" ते निस्तरलं की काही दिवसांनी दुसरी येते: "दिसायला छान झालेत, पण गुलाब लागतच नाही तोंडाला."

दोन्ही तक्रारींचं मूळ बऱ्याचदा एकच निघतं. फूल गनाशमध्ये (गरम क्रीम आणि चॉकलेटचं ते मऊ मिश्रण, ज्याचे ट्रफलचे गोळे वळतात) नेमकं कशातून आणि कधी गेलं, तिथेच गडबड असते. साध्या चॉकलेटच्या ट्रफल्सना एवढी कटकट नसते, कारण त्यात ओल किती आणि स्निग्ध किती हे चॉकलेट आणि क्रीमचं वजन केलं की ठरून जातं. फूल आलं की ते गणित हलतं. पाकळ्या क्रीम पितात, गुलाबपाणी जास्तीचं पाणी घेऊन येतं, गुलकंद साखर आणि पाक घेऊन येतो. रेसिपी तीच राहते, भांड्यातलं प्रमाण मात्र बदललेलं असतं.

म्हणून आधी प्रमाण. 200 ग्रॅम डार्क चॉकलेट (50 ते 55 टक्के कोकोचं), 100 ग्रॅम क्रीम, 15 ते 20 ग्रॅम बिनमिठाचं मऊ लोणी. मिल्क चॉकलेट असेल तर 100 ग्रॅम क्रीमला 250 ग्रॅम, व्हाइट असेल तर 300. मिल्क आणि व्हाइटमध्ये कोकोचा कोरडा भाग कमी किंवा मुळीच नसतो, त्यामुळे घट्टपणा यायला चॉकलेट जास्त लागतं. हे सगळं वजनकाट्यावर मोजायचं. वाटीचं माप ट्रफलला चालत नाही. किसलेल्या चॉकलेटची वाटी आणि तुकड्यांची वाटी यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. दागिने तोलण्याइतका बारीक काटा नको, एक ग्रॅम दाखवणारा साधा किचनचा काटा पुरतो.

"तेल सुटायलंय"

फाटलेलं गनाश ओळखायला सोपं. पातेल्याच्या कडेनं पिवळसर चकाकतं तूप जमा होतं, मधला भाग रवाळ, निस्तेज आणि जड दिसतो, स्पॅट्युला उचलला की एकसंध धार पडत नाही, तुकडे पडतात. गनाशमध्ये कोको बटर आणि दुधाचं स्निग्ध बारीक थेंबांच्या रूपात क्रीममधल्या पाण्यात सामावलेलं असतं. त्या थेंबांना सामावून घ्यायला पाणी कमी पडलं, किंवा ते जास्त तापून एकमेकांना मिळाले, की तूप वर येतं.

आता इथेच बहुतेकांचं निदान उलटं होतं. फाटलं म्हणजे पातळ झालं, पाणी जास्त झालं, असं वाटून वरून आणखी चॉकलेट घातलं जातं. चॉकलेटबरोबर आणखी कोको बटर आलं, म्हणजे आजार वाढला.

फुलांच्या ट्रफल्समध्ये पाणी कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण चाळणीत असतं. सुक्या पाकळ्या गरम क्रीममध्ये भिजवल्या की त्या फुगतात आणि आपल्याबरोबर क्रीम घेऊन बसतात. 100 ग्रॅम क्रीम उकळीजवळ आणलं, मूठभर पाकळ्या टाकल्या, अर्ध्या तासानं गाळलं आणि पुन्हा काट्यावर ठेवलं, तर पाव हिस्सा कमी भरला तरी नवल नाही. त्यात वाफ गेली ती वेगळी. मागच्या खेपेला पाकळ्या कमी होत्या, म्हणून जमलं. या खेपेला वास जास्त यावा म्हणून दुप्पट टाकल्या, म्हणून फाटलं. उपाय सोपा आहे: क्रीम 140 ग्रॅम घ्या, त्यात पाकळ्या भिजवा, गाळा, पाकळ्या चमच्यानं हलक्या दाबा (पिळू नका, कडवटपणा उतरतो), आणि मग वजन करून साधं क्रीम घालत बरोबर 100 ग्रॅमवर आणा. जास्त भरलं तर उरलेलं चहाच्या वेळी कुणीतरी पिऊन टाकतं.

दुसरं कारण ताप. क्रीम खळखळ उकळायची गरज नसते. कडेला बुडबुडे येऊन वाफ निघायला लागली की बास. बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधोमध लहान गोल फिरवत बाहेर यायचं. लोणी सगळ्यात शेवटी, पातेलं बाहेरून जेमतेम कोमट लागायला लागल्यावर; थर्मामीटर असेल तर 35 अंशांच्या आसपास. मार्चनंतर आपल्याकडच्या स्वयंपाकघरात हे सगळं अवघड जातं, कारण खोलीच 36-38 अंशांवर असते आणि गनाश आपसूक निवतच नाही. मग पातेलं थेट बर्फावर ठेवलं जातं, कडेचं गनाश थिजतं, मधलं गरम राहतं, आणि ढवळलं की गुठळ्या होतात. साध्या माठाच्या पाण्यात पातेलं ठेवा आणि अधूनमधून सावकाश फिरवा.

तिसरं क्रीमचं. बाजारात मिळणारं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम साधारण 25 टक्के स्निग्धाचं असतं आणि ट्रफलला ते उत्तम चालतं. केकवाल्यांकडचं व्हिपिंग क्रीम बहुतेक वेळा वनस्पती तुपाचं आणि साखर घातलेलं असतं. गनाश होतं, पण गुलाबाआधी गोडच लागतं. घरच्या म्हशीच्या दुधाची साय वापरू का, हा प्रश्न मराठवाड्यात हटकून येतो. नका वापरू. सायीत स्निग्ध किती हे रोज बदलतं, तिच्यातले पापुद्रे गाळूनही राहतात आणि मिक्सरला लावली की लोणी निघायला लागतं. ती तुपाला ठेवा.

आणि कोकोचं प्रमाण. 70 टक्क्यांचं डार्क आणलं आणि प्रमाण तेच दोनास एक ठेवलं तर फाटण्याचा धोका वाढतो. त्याला क्रीम जास्त लागतं, 200 ग्रॅमला 130-140 ग्रॅमपर्यंत.

फाटलंच तर फेकू नका. पातेलं कोमट पाण्यावर ठेवून गनाश 35-40 अंशांवर आणा. वेगळ्या वाटीत थोडं दूध कोमट करा. गनाशच्या मधोमध एक चमचा दूध घाला आणि सगळं पातेलं ढवळण्याच्या भानगडीत न पडता फक्त मधला रुपयाएवढा भाग लहान गोल फिरवत राहा. पहिल्या चमच्याला काही होत नाही, उलट आणखी विचित्र दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला मध्ये एक गडद, चमकदार ठिपका तयार होतो. तो ठिपका दिसला की जिंकलात. तो मोठा करत कडेपर्यंत न्या, कडेचं तूप थोडं थोडं आत ओढत. हँड ब्लेंडर असेल तर पातं पूर्ण बुडवून अर्धा मिनिट फिरवलं तरी हेच होतं, फक्त हवा शिरू देऊ नका. अशा गनाशचे गोळे किंचित मऊ होतात, पण खाणाऱ्याला कळत नाही.

आता एक वेगळाच बिघाड, जो फाटण्याच्या नावाखाली येतो. नुसतं चॉकलेट डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात) वितळवलं, त्यात गुलाबपाणी चमचाभर घातलं, आणि क्षणात सगळं आखडून कोरडा गोळा झाला. हे फाटणं नव्हे. नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाणी नसतंच. थोडंसं पाणी पडलं की साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. गनाशमध्ये भरपूर पाणी आधीच असतं, म्हणून तिथे चमचाभर गुलाबपाण्यानं असं होत नाही, फार तर ते सैल पडतं. आखडलेलं चॉकलेट ट्रफलच्या बाहेरच्या कवचाला उपयोगाचं राहत नाही. त्यात गरम क्रीम घालून त्याचंच गनाश करा, वाया काही जात नाही. डबल बॉयलरची वाफ आणि ओला चमचाही हेच करतात, तेव्हा भांडं पुसताना आळस नको.

"गुलाब लागत नाही" किंवा "फारच लागतोय"

वास न लागण्याची चौकशी केली की चारात तीन वेळा उत्तर येतं, "गुलाबपाणी घातलं होतं की, दोन चमचे." गुलाबपाणी म्हणजे बहुतांशी पाणी, त्यात सुगंधाचा अंश थोडा. खिरीत, सरबतात ते छान, कारण तिथे त्याच्याशी भांडायला कुणी नसतं. चॉकलेटमध्ये समोर कोकोचा कडवटपणा, भाजलेला वास आणि साखर. वास यावा म्हणून गुलाबपाणी वाढवत नेलं तर गनाश सैल पडतं आणि गुलाब तरीही दबलेलाच.

फुलाचा बराचसा वास स्निग्धात चांगला मुरतो. आपल्याकडे फुलेल तेल याच न्यायानं करत आले: तिळाच्या थरावर जाई-मोगऱ्याच्या फुलांचा थर, फुलं सुकली की ती काढून ताजी, असं अनेकदा केल्यावर ते वासाळलेले तीळ घाण्यावर गाळायचे. तेलात शेवटी फूल नसतं, वास असतो. क्रीममध्ये 25 टक्के स्निग्ध आहे. तुमच्या ट्रफलचे तीळ तेच.

गुलाब आणि मोगरा यांना मात्र एकाच पद्धतीनं वागवू नका. सुक्या गुलाबपाकळ्या गरम क्रीम सोसतात. 140 ग्रॅम क्रीमला 8 ते 10 ग्रॅम सुक्या पाकळ्या, गॅस बंद करून टाकायच्या आणि लगेच घट्ट झाकण. झाकण उघडं ठेवून भिजवलं तर सगळ्या घरात सुंदर वास दरवळतो, म्हणजे तो क्रीममध्ये राहिला नाही. 20 ते 30 मिनिटं पुरे. रात्रभर ठेवलं तर तुरट चव उतरते.

मोगऱ्याला ताप सोसत नाही. गरम क्रीममध्ये टाकला की अर्ध्या तासात उकडलेल्या पालेभाजीचा वास येतो आणि फुलं तपकिरी पडतात. मोगरा थंडच मुरवायचा. घरच्या झाडाच्या कळ्या संध्याकाळी, उमलायच्या बेतात असताना तोडा. तोडल्यानंतरही त्या रात्री उमलत राहतात आणि वास देत राहतात, हेच त्याचं भाग्य. हिरवे देठ खुडून टाका. घट्ट झाकणाच्या डब्यात गार क्रीम घ्या, त्यात कळ्या बुडवा, फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. कडवटपणाची भीती वाटत असेल तर कळ्या बुडवूच नका: मोठ्या डब्यात तळाला मोगरा पसरा, मध्ये क्रीमची उघडी पसरट वाटी ठेवा, डबा बंद करा. वास कमी उतरतो, पण उतरतो तो फार स्वच्छ. दुसऱ्या रात्री ताजा मोगरा घालून हेच पुन्हा करता येतं. गाळलेलं क्रीम पुढे गरम करावं लागतंच, तेव्हा तिथेही जेमतेम वाफेपर्यंत, आणि चॉकलेट आधीच अर्धंमुर्धं वितळवून ठेवलेलं.

याच गुणाची दुसरी बाजूही ऐका. फ्रीजमध्ये त्याच कप्प्यात चिरलेला कांदा किंवा लसणाचा ठेचा उघडा असेल तर क्रीम त्याचाही वास तितक्याच प्रेमानं घेतं. "गुलाबाचा लागतो पण काहीतरी वेगळंच लागतं" असं कुणी म्हटलं की मी आधी फ्रीज उघडायला सांगते.

दारची फुलं नसतील तर इसेन्स चालतो, पण त्याची नियत ओळखून. चॉकलेटसाठी मिळणारे तेलातले फ्लेवर उत्तम, कारण त्यात पाणी नाही. साधा रोझ इसेन्स असेल तर गनाश कोमट झाल्यावर घाला. उकळत्या क्रीममध्ये घातला तर बराचसा उडून जातो. थेंबाथेंबानं, 300 ग्रॅम गनाशला दोन-तीन थेंबांपासून सुरू करत. अत्तर घालू का, असंही विचारलं जातं. अंगाला लावायचं अत्तर पोटात जाऊ द्यायचं नसतं. त्याचं मूळ तेल कुठलं आहे आणि त्यात काय मिसळलंय हे कुपीवर लिहिलेलं नसतं.

आता "फारच लागतोय" वाल्यांचं. गनाश चाखलं जातं फ्रीजमधून काढल्या काढल्या. थंड पदार्थातून वास कमी उडतो आणि कोको बटर जिभेवर लवकर वितळत नाही, त्यामुळे गुलाब लागत नाही. मग आणखी पाच थेंब. संध्याकाळी पाहुण्यांसमोर तेच ट्रफल खोलीच्या तापमानाला येतं आणि तोंडात उदबत्ती लावल्यासारखं होतं. चव नेहमी खोलीच्या तापमानाला आलेल्या गनाशची घ्या, तीही करून काही तास झाल्यावर. दुसऱ्या दिवशी फुलाचा वास आणि कोको जरा मिळून येतात.

चॉकलेटची निवडही वासाला मारते किंवा तारते. 70 टक्क्यांच्या डार्कमध्ये मोगरा घालणं म्हणजे पैसे आणि मोगरा दोन्ही वाया. मोगऱ्याला व्हाइट, गुलाबाला मिल्क किंवा 50-55 टक्क्यांचं डार्क. केवडा जबरदस्त असतो, त्याला डार्क झेपतं, पण केवडापाणी अर्धा चमचाच. वेलदोडा घालायचा मोह होतो, कारण आपल्या हाताला गुलाबाबरोबर वेलदोडा ही सवयच आहे; पण वेलदोडा घातला की ते वेलदोड्याचं ट्रफल झालं. त्यापेक्षा चिमूटभर मीठ घाला. जालन्याच्या मोसंबीची नुसती वरची साल, पांढरा भाग न येऊ देता, गुलाबाच्या क्रीममध्ये किसून टाकली तर मला ती जोडी वेलदोड्यापेक्षा कितीतरी जास्त आवडते. रस मात्र नको, क्रीम नासेल.

गुलकंदाचं थोडक्यात: 300 ग्रॅम गनाशला दोन लहान चमचे, पाक निथळून, बारीक वाटून, आणि तेवढ्यापुरतं चॉकलेट 10-15 ग्रॅम वाढवून. त्याचा वास ताज्या गुलाबाचा नसतो, मुरलेला, विड्याच्या पानाकडे झुकणारा असतो. ज्यांना तो हवा त्यांनी खुशाल घालावा.

कुठलं फूल, आणि कुठलं नाही

फुलवाल्याकडचे लांब दांड्यांचे गुलाब आणि बाजारातला गजरा खायच्या कामाचे नाहीत. ती फुलं देवाला आणि केसांत जाण्यासाठी वाढवलेली, औषध फवारलेली असतात, आणि त्या गुलाबांना वासही फारसा नसतो. दारचा गावठी गुलाब, ज्याचा गुलकंद घालतात तो, किंवा खाण्यासाठी म्हणून पाकीटबंद विकलेल्या सुक्या पाकळ्या घ्या. ताज्या पाकळ्या सजावटीला ट्रफलवर चिकटवू नका. एका दिवसात काळ्या पडतात आणि खालच्या ओलीला बुरशी धरते.

दारात फुलतं ते सगळं खाता येतं असं नाही. कण्हेर, मग ती पांढरी, गुलाबी असो की पिवळी, विषारी आहे. धोत्राही. सजावटीला बाजूला ठेवायलाही ती फुलं ताटात नकोत, घरात लेकरं असतात.

अंबाडीचं प्रकरण खास आपल्याकडचं. हिबिस्कस ट्रफल म्हणून जो प्रकार सगळीकडे दिसतो तो बहुतेक वेळा अंबाडीच्या लाल बोंडांचा असतो. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खाणाऱ्यांना तिचा आंबटपणा सांगायला नको. ती बोंडं गरम क्रीममध्ये टाकली की क्रीमच नासतं, पनीर व्हावं तसे कण दिसतात, आणि ते कोमट दुधानं काही केल्या सुधारत नाही. बोंडांच्या पाकळ्या कडक वाळवून मिक्सरला अगदी बारीक पूड करा, चाळा आणि तयार गोळे त्यात घोळवा. बाहेर आंबट, आत गोड. रंगही झकास येतो आणि क्रीमला हात लागत नाही. गोकर्णाच्या निळ्या फुलांना चव जवळपास नसते, फक्त रंग. ट्रफलमध्ये तो दिसतही नाही.

"गोळे वळताना हाताला लागायलेत"

कोको बटर 34 अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, पण त्याच्या बरंच आधी, 28-30 अंशांवरच मऊ पडायला लागतं. तळहात त्याहून गरम. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42-43 वर गेलेला असताना दुपारी ट्रफल वळायला बसणं म्हणजे चॉकलेटनं हात माखून घेणं. पहाटे पाच ते सात ही वेळ उन्हाळ्यात खरी. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून पूर्ण कोरडे पुसा, पाच-सहा गोळे वळा, पुन्हा हात गार करा. किंवा वळूच नका: बटर पेपर लावलेल्या डब्यात गनाश ओता, फ्रीजमध्ये घट्ट करा आणि कोमट कोरड्या सुरीनं चौकोनी वड्या पाडून कोकोत घोळवा. चवीला काडीचा फरक पडत नाही आणि निम्मी चिडचिड वाचते.

आता कूलरबद्दल. आपल्या घरात एसीपेक्षा कूलर जास्त, आणि ट्रफल करायला बसलं की तो हमखास अंगावर घेतला जातो. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून. त्या ओल्या हवेत कोकोत घोळवलेले गोळे तासाभरात डागाळ, चिकट होतात, आणि कवच दिलेल्यांच्या साखरेला दमट हवा लागून वर पांढुरकी खरखर येते. कूलर शेजारच्या खोलीत चालू द्या, ट्रफलच्या खोलीत फक्त पंखा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पंखा पुरत नाही हे खरं, म्हणूनच पहाट.

गनाश वळण्याइतकं घट्टच होत नसेल तर प्रमाणाकडे पाहा. उन्हाळ्यात 200 ऐवजी 225 ग्रॅम डार्क घ्या. डिसेंबर-जानेवारीत, रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा, तेच गनाश दगड होतं. तेव्हा 200 ला 110-115 ग्रॅम क्रीम चालतं. वर्षभर एकच प्रमाण धरून बसलं की "मागच्या खेपेला जमलं होतं" हे ऐकावं लागतं.

कवच: तडकणं, पांढरं पडणं, न सुकणं

आधी पाकीट वाचा. घटकांमध्ये कोको बटर असेल तर खरं चॉकलेट, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर कंपाउंड. आपल्या तालुक्याच्या दुकानांत जास्त करून कंपाउंडच मिळतं. त्याला टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक अंशांवर तापवून, निववून घेणं) लागत नाही, वितळवलं की काम झालं, आणि उन्हात ते थोडं जास्त तग धरतं. तोंडात मात्र मेण लागतं आणि मागे राहतं, ज्यात फुलाचा वास गुदमरतो. माझं मत असं की आतलं गनाश खऱ्या चॉकलेटचंच हवं. उन्हाळ्यात कवचाला कंपाउंड वापरलंत तर मी नाक मुरडणार नाही. पण दोन्ही एकत्र वितळवू नका. दोन वेगळ्या स्निग्धांचं मिश्रण नीट थिजत नाही, कवच मऊ राहतं आणि लवकर पांढरं पडतं. कंपाउंडचं कवच दिलेले ट्रफल्सही दोन-चार दिवसांत संपवा, आतलं कोको बटर बाहेर झिरपायला लागतं.

खऱ्या चॉकलेटच्या कवचाला टेम्परिंग चुकत नाही. डार्क 45-50 अंशांपर्यंत वितळवा, 27-28 पर्यंत उतरवा, पुन्हा 31-32 वर आणून वापरा. मिल्क 29-30 वर, व्हाइट 28-29 वर. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत थिजू शकतं; चकाकी आणि टचकन तुटणं देणारा प्रकार एकच, आणि हा सगळा खटाटोप त्याला निवडण्यासाठी. उतरवण्याची सोपी रीत: एकूण चॉकलेटचा एक तृतीयांश भाग न वितळवता बारीक चिरून ठेवायचा आणि वितळलेल्यात थोडा थोडा घालत ढवळायचा. खोली 35 अंशांवर असेल तर हे होणारच नाही, कितीही ढवळा. अशा दिवशी कोकोत किंवा अंबाडीच्या पुडीत घोळवा आणि कवचाचा हट्ट सोडा.

कवच दिल्यावर काही तासांनी केसासारखी चीर पडते, तिच्यातून गनाश डोकावतं. गोळे फ्रीजमधून थेट काढून बुडवले की हे होतं: आतला गारठलेला गोळा खोलीत येऊन फुगतो आणि वरचं थिजलेलं कवच फाटतं. गोळे बुडवण्याआधी बाहेर ठेवून 18-20 अंशांवर येऊ द्या. तेवढ्यावर ते आकार सोडत असतील तर तळहाताला थोडं चॉकलेट लावून आधी एक पातळ लेप द्या, सुकू द्या, मग बुडवा.

पांढरेपणाचे दोन प्रकार. बोट फिरवल्यावर पुसला जाणारा, स्निग्ध लागणारा थर म्हणजे टेम्परिंग बिघडलं किंवा ट्रफल एकदा तापून पुन्हा थिजलं. पुसला न जाणारा, खरखरीत थर म्हणजे ओल लागली. दुसरा जास्त करून फ्रीजमुळे. डबा बाहेर काढून लगेच उघडला की गार चॉकलेटवर हवेतलं पाणी जमतं, त्यात साखर विरघळते आणि सुकल्यावर वर राहते. श्रावण-भाद्रपदात तर हमखास. डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा. दोन्ही प्रकारचे ट्रफल्स खायला चालतात, फक्त कुणाला द्यायला जीव धजत नाही.

टिकणं आणि लाइट

क्रीमचं ट्रफल हा दुधाचा पदार्थ आहे. हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये आठवडाभर. थंडीत बाहेर दोन-तीन दिवस. उन्हाळ्यात बाहेर एखादा तास, तोही पंख्याखाली. पाकळ्यांचे तुकडे आत राहिले असतील तर आणखी कमी, म्हणून दोनदा गाळा. आंबूस वास आला किंवा ठिपका दिसला तर तेवढा भाग काढून खाण्याचा हिशोब करू नका.

लाइट दोन-तीन तास गेली तर फ्रीज उघडू नका, ट्रफल्सना काही होत नाही. डबा फ्रीजच्या दारात न ठेवता मधल्या कप्प्यात, मागे, पाण्याच्या गार बाटल्यांच्या मध्ये ठेवा. सहा तासांवर गेली आणि गोळे बसून चपटे झाले तर ते पुन्हा वळू नका. वितळून थिजलेलं गनाश रवाळ होतं. वास चांगला असेल तर गरम दुधात टाकून प्या, गुलाबाचं हॉट चॉकलेट वाईट लागत नाही.

दुसऱ्या गावी पाठवायचे असतील तर होळी ते मृग या काळात एसटीनं किंवा कुरिअरनं नकोच. बर्फाच्या पिशव्या सोबत दिल्या तरी लातूरहून संभाजीनगरला पोचेपर्यंत त्या कोमट होतात आणि वर ओल सोडतात, म्हणजे तापही आणि पाणीही. त्या दिवसांत गनाश लहान काचेच्या वाट्यांत ओतून द्या, जवळच्याच माणसाला, फ्रीजमधून फ्रीजमध्ये. चमच्यानं खायचं म्हटलं की क्रीम थोडं वाढवता येतं, आणि क्रीम वाढलं की मोगराही जास्त मुरतो.